चेस्टमधल्या रिसर्चचा ट्रेंड मोजायचाय? मग आधी छेद ठरवा

बडोद्यात चेस्टचे, म्हणजे छाती-फुप्फुसांच्या विभागातले, रेसिडेंट असोत नाहीतर कम्युनिटी मेडिसिनवाले, दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच की श्वसनरोगांच्या संशोधनावर एक बिब्लिओमेट्रिक पेपर करायचाय, म्हणजे कुठल्या वर्षी किती पेपर आले, कोणाला किती सायटेशन मिळाली, म्हणजे दुसऱ्या पेपरांनी किती वेळा संदर्भ दिला, कोणता देश पुढे आहे वगैरे, तर सुरुवात कुठून करू. याला मागणी का आहे ते उघड आहे, पेशंट गोळा करायला नकोत, कन्सेंट फॉर्म नको, लॅपटॉप आणि नेट असलं की काम सुरू. मी मेडिकलवाल्यांच्या डेटाचं काम करते त्यामुळे हे प्रश्न फिरून फिरून माझ्याकडे येतात, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहून ठेवावं.

माझी भाची सध्या चेस्टमध्ये रेसिडेन्सी करतेय. तिने असे बरेच पेपर वाचले आणि एके दिवशी म्हणाली, "मावशी, सगळ्यांचा ग्राफ वरच जातो गं. दम्याचा वर, सीओपीडीचा वर, फायब्रोसिसचा वर. मग यातून कळलं काय?" (सीओपीडी म्हणजे श्वासनलिका कायमच्या आकसण्याचा आजार, फायब्रोसिस म्हणजे फुप्फुस घट्ट होणं.) मला तिचा प्रश्न फार आवडला कारण खरी मेख तिथेच आहे. पबमेडमध्ये, म्हणजे मेडिकल पेपरांच्या नोंदी ठेवणाऱ्या अमेरिकी डेटाबेसमध्ये, आता दरवर्षी दहा लाखांच्या वर नवीन नोंदी पडतात. जर्नलं वाढली, चीनमधलं संशोधन प्रचंड वाढलं, आपल्याकडे प्रमोशनला पेपर लागतात म्हणून लिहिणारे वाढले, त्यामुळे कुठलाही विषय उचला, आकडा चढताच दिसणार. तो कशाच्या मानाने चढला हे सांगाल तेव्हा तो ट्रेंड. एकूण मेडिकल पेपरांच्या मानाने? श्वसनरोगांच्या पेपरांच्या मानाने? की त्या आजाराने माणसांचं जे नुकसान होतंय त्याच्या मानाने? छेद, म्हणजे ज्याने भागायचं तो आकडा, ठरल्याशिवाय अंश मोजायला बसूच नका. बाकी सॉफ्टवेअर वगैरे दोन-चार दिवसांत येतं, हे मात्र डोक्यात आधी बसलं पाहिजे.

आणि तो तिसरा छेद, माणसांचा, तो तर आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये २०१८ साली आलेल्या अभ्यासाप्रमाणे २०१६ मध्ये जगाच्या लोकसंख्येत भारताचा वाटा १८ टक्के होता, पण जुनाट श्वसनरोगांमुळे वाया जाणाऱ्या निरोगी आयुष्याच्या वर्षांत, ज्याला डॅली म्हणतात, त्यात आपला वाटा ३२ टक्के. टीबीचं तर माहीतच आहे, जगातल्या एकूण रुग्णांपैकी साधारण पाव हिस्सा आपल्याकडचा. आता या आकड्यांशेजारी भारतातून आलेल्या पेपरांचा वाटा ठेवून बघा, तुमच्या पेपरला लगेच काहीतरी म्हणायला मिळतं.

विषय निवडताना आख्खं रेस्पिरेटरी मेडिसिन घेऊ नका. लाखो नोंदी हाताळता येत नाहीत आणि त्यातून निघणारा निष्कर्षही मोघमच असतो, चीन वाढतोय, अमेरिका पहिली, कोविडने उसळी मारली, हे सगळ्यांना माहीत आहे. छोटा विषय घ्या, ज्याच्याशी तुमचा काही संबंध आहे. मी भाचीला सिलिकोसिस, म्हणजे दगडातल्या सिलिकाची बारीक धूळ श्वासातून जाऊन होणारा फुप्फुसाचा आजार, सुचवला आणि पुढचं सगळं त्याच उदाहरणावर सांगते. शेजारच्या आणंद जिल्ह्यात खंभातला अकीक हा दगड घासणारे, पॉलिश करणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या घराघरांतून ही धूळ छातीत घेताहेत, अहमदाबादच्या एनआयओएचने, म्हणजे कामामुळे होणाऱ्या आजारांवरच्या राष्ट्रीय संस्थेने, त्यांच्यावर अभ्यास केलेत. दुसरीकडे गोध्र्याचे क्वार्ट्झ भरडायचे कारखाने, तिथे अलिराजपूर-झाबुआकडून आलेले आदिवासी मजूर काम करून आजारी होऊन परत गेले, आणि मेलेल्यांच्या घरच्यांना भरपाई द्यायचा आदेश सुप्रीम कोर्टाला २०१६ मध्ये द्यावा लागला. या आजाराला बरं करणारं औषध नाही, फुप्फुस एकदा घट्ट झालं की परत मऊ होत नाही, वर टीबीचा धोका वाढतो तो वेगळा. एवढं सगळं असताना या विषयावर जगात कोण लिहितंय आणि कशाबद्दल लिहितंय हे बघणं मला तरी मोलाचं वाटतं.

डेटाबेसचं थोडक्यात. वेब ऑफ सायन्स आणि स्कोपस हे दोन्ही पैसे भरून मिळतात. पहिल्याचं मूळ यूजीन गारफील्ड यांच्या सायन्स सायटेशन इंडेक्समध्ये आहे, कल्पना त्यांनी १९५५ मध्ये मांडली आणि इंडेक्स १९६४ मध्ये निघाला. स्कोपस एल्सेविअरचा, २००४ पासूनचा. सरकारी कॉलेजवाल्यांना २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शनमधून हजारो जर्नल वाचता येतात, गांधीनगरचं इन्फ्लिबनेट ते सांभाळतं, पण ते पेपर वाचायला, या दोन डेटाबेसचं लॉगिन आहे का ते लायब्रेरियनना वेगळं विचारा. नसेल तर हताश व्हायचं कारण नाही, पबमेड फुकट, ओपनॲलेक्स २०२२ पासून फुकट, अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी संशोधन संस्थेचं आयसाइट फुकट, आणि या तिघांवर चांगला पेपर होतो. गूगल स्कॉलर मात्र मोजणीसाठी नको, त्यात थिसिस, स्लाइड, एकाच पेपरच्या चार प्रती असं सगळं येतं आणि एकगठ्ठा डाउनलोडही करता येत नाही. आणि एक पथ्य कडक पाळा, एका पेपरची सायटेशन स्कोपसमधून, दुसऱ्याची ओपनॲलेक्समधून असं कधीच करू नका, प्रत्येकाची मोजायची जर्नलं वेगळी म्हणून आकडे वेगळे, त्यांची एकमेकांशी तुलना होत नाही.

आता सर्च. इथे वेळ घालवा, इथे घातलेला वेळ पुढे दसपट परत मिळतो.

पबमेडमध्ये प्रत्येक आजाराला एक ठरलेला मेश शब्द, म्हणजे विषयसूचीतला शब्द, असतो, सिलिकोसिसलाही आहे, तो न्यूमोकोनिओसिसच्या खाली येतो. नुसता मेश घेतला तर काही पेपर सुटतात कारण पबमेडमधलं प्रत्येक जर्नल मेडलाइनमध्ये, म्हणजे त्यातल्या निवडक जर्नलांच्या भागात, नसतं आणि जे मेडलाइनमध्ये नाही त्याला मेश शब्द लागत नाहीत. नुसता टायटल-ॲबस्ट्रॅक्टमधला शब्द घेतला तर जुने, ॲबस्ट्रॅक्ट नसलेले पेपर सुटतात. म्हणून दोन्ही घ्यायचे आणि मध्ये ऑर टाकायचा. ॲडव्हान्स्ड सर्चमध्ये फील्ड निवडायचा ड्रॉपडाउन आहे, कोड पाठ करायची गरज नाही. मग समानार्थी शब्द घाला, सिलिकोट्युबरक्युलोसिस एकत्र आणि हायफन टाकून असं दोन्ही, न्यूमोकोनिओसिस आणि सिलिका एकत्र आलेले पेपर, आर्टिफिशियल स्टोन आणि इंजिनिअर्ड स्टोन फुप्फुसाच्या शब्दांबरोबर, आणि आपल्याकडच्यासाठी अकीकचा इंग्रजी शब्द अ‍ॅगेट. नुसता सिलिका हा शब्द मात्र मोकळा सोडू नका, नॅनोपार्टिकल आणि केमिस्ट्रीचे हजारो पेपर अंगावर येतील.

गावाच्या नावांकडे लक्ष द्या, आपल्या भागात हे फारच लागू आहे. शहराचं अधिकृत नाव १९७४ पासून वडोदरा, पण युनिव्हर्सिटीच्या नावात आजही बरोडा आहे, मेडिकल कॉलेजच्या नावातही, त्यामुळे ॲफिलिएशनमध्ये, म्हणजे लेखकाच्या संस्थेच्या पत्त्यात, एकच डिपार्टमेंट दोन नावांनी सापडतं. तसंच खंभात आणि जुनं कँबे. डिपार्टमेंटचं नावही बघा, टीबी अँड चेस्ट, पल्मनरी मेडिसिन, रेस्पिरेटरी मेडिसिन, हे सगळे एकच लोक, काळाप्रमाणे पाटी बदललीय. टीबीवर काम करणार असाल तर राष्ट्रीय कार्यक्रमाचं नाव २०२० मध्ये आरएनटीसीपीवरून एनटीईपी झालं, दोन्ही घ्या नाहीतर २०२० ला विषय अचानक संपल्यासारखा दिसेल. सीओपीडीवर करणार असाल तर त्याचा आत्ताचा मेश शब्द २००२ मध्ये आला, त्याआधीचे पेपर ऑब्स्ट्रक्टिव्ह लंग डिसीझ या जुन्या शब्दाखाली आहेत, हे न बघता ग्राफ काढला तर २००२ पासून सीओपीडीवर क्रांती झाली असं वाटेल. प्रत्येक मेश शब्दाच्या पानावर तो कधी सुरू झाला ते लिहिलेलं असतं, वाचून घ्या, मिनिटभर लागतं.

सर्च बरोबर आहे का ते तपासायची माझी पद्धत अशी, आधी विषयातले ओळखीचे दहा-पंधरा पेपर गाईडकडून लिहून घ्यायचे. सिलिकोसिसमध्ये उदाहरणार्थ इस्रायलमधल्या आर्टिफिशियल स्टोनच्या कामगारांवरचा चेस्ट जर्नलमधला २०१२ चा पेपर यायलाच पाहिजे. ते सगळे सर्चमध्ये सापडतात का बघायचं, जो सापडत नाही त्याचे शब्द बघून सर्च दुरुस्त करायचा. मग उलट बाजूने, आलेल्यातून कुठलेही शंभर पेपर काढून टायटल वाचायचे, किती विषयाबाहेरचे निघाले ते टक्क्यात लिहून ठेवायचं, हा आकडा पेपरमध्ये द्यायचा, रिव्ह्यूअरला तो बघून बरं वाटतं कारण बहुतेक लोक देतच नाहीत.

सर्च झाला की पबमेडमध्ये डाव्या हाताला वर्षांप्रमाणे छोटा बार ग्राफ दिसतो, तिथेच सीएसव्ही, म्हणजे एक्सेलमध्ये उघडणारी फाइल, डाउनलोड करायची सोय आहे. ही झाली तुमची अंशांची यादी. पूर्ण नोंदी हव्या असतील तर एका वेळी दहा हजारच मिळतात, सिलिकोसिसला चालून जाईल, मोठा विषय असेल तर वर्षांचे तुकडे पाडून घ्या. सर्च आणि डाउनलोड एकाच दिवशी करा आणि तारीख लिहा, रोज नवीन नोंदी पडत असतात.

आता छेद. ॲडव्हान्स्डमध्ये फक्त प्रकाशनाची तारीख टाकून सर्च केला की त्या वर्षीचे पबमेडमधले एकूण पेपर मिळतात, हा पहिला छेद. दुसरा छेद म्हणून रेस्पिरेटरी ट्रॅक्ट डिसीझेस हा मोठा मेश शब्द घ्या, त्याची वर्षवार सीएसव्ही उतरवा. एक्सेलमध्ये तीन कॉलम शेजारी शेजारी ठेवा आणि दर दहा हजार पेपरांमागे सिलिकोसिसचे किती असं काढा. नुसत्या संख्येचा ग्राफ आणि या प्रमाणाचा ग्राफ एकाखाली एक ठेवून बघा, दोन्ही वेगळी गोष्ट सांगत असतील तर तुमचा पेपर तिथूनच सुरू होतो.

पण दुसऱ्या छेदात एक मोठी गोम आहे. कोविड-१९ हा मेश शब्द व्हायरल न्यूमोनियाच्या खाली टाकलाय, म्हणजे तो रेस्पिरेटरी ट्रॅक्ट डिसीझेसमध्ये मोजला जातो. त्यामुळे २०२० पासून छेद एकदम फुगतो आणि सिलिकोसिसचा, आयएलडीचा (फुप्फुसाच्या ऊतींच्या आजारांचा), दम्याचा, सगळ्यांचा वाटा पडल्यासारखा दिसतो, प्रत्यक्षात त्यांचे पेपर कमी झालेले नसतातही. म्हणून छेद दोनदा काढा, एकदा कोविडसकट आणि एकदा नॉट टाकून कोविड वगळून, आणि दोन्ही रेषा दाखवा. मला विचाराल तर २०२० ते २०२२ या वर्षांना ग्राफमध्ये वेगळी फिकट पट्टी द्या आणि सरासरी वाढीचा दर काढताना २०१९ पर्यंतचा एक आणि नंतरचा एक असा वेगळा काढा. चालू वर्षाचा बार ग्राफमध्ये घेऊच नका, वर्ष संपलेलं नसतं, लोकांना उतार दिसतो.

देशाचा किंवा कॉलेजचा ट्रेंड काढणाऱ्यांनी हे तर फळ्यावर लिहून ठेवा: पबमेडमध्ये १९८८ पासून २०१३ पर्यंत फक्त पहिल्या लेखकाचा पत्ता नोंदवला जायचा, २०१४ पासून सगळ्या लेखकांचे पत्ते यायला लागले. म्हणजे भारत किंवा बडोदा असं ॲफिलिएशनमध्ये शोधलं की २०१४ ला आकडा उडी मारतो आणि लोक त्याला धोरणांचं यश वगैरे समजून लिहितात. उडी नोंदवण्याच्या पद्धतीची आहे. उपाय दोन, एकतर २०१४ पासूनच सुरू करा, नाहीतर सगळ्या वर्षांना फक्त पहिला लेखक मोजा. वेब ऑफ सायन्सवाल्यांनी लक्षात ठेवायचं की २०१५ मध्ये त्यांनी इमर्जिंग सोर्सेस नावाचा नवा इंडेक्स सुरू केला, त्यात जगभरची छोटी जर्नलं आली, तिथेही अशीच कृत्रिम वाढ दिसते. आपली जर्नलं, लंग इंडिया १९८२ पासूनचं, इंडियन जर्नल ऑफ ट्युबरक्युलोसिस १९५३ पासूनचं, ही तुम्ही निवडलेल्या डेटाबेसमध्ये कुठल्या वर्षापासून धरली आहेत ते तपासा, जर्नल निघालं तेव्हापासून धरलेलं असेलच असं नाही.

सर्वाधिक लिहिणारे लेखक असा तक्ता सगळे करतात, मी शक्यतो करू देत नाही. पबमेडमध्ये २००२ च्या आधी लेखकांची पूर्ण नावंच नाहीत, आडनाव आणि आद्याक्षरं, आणि गुजरातेत पटेल आणि शाह, आपल्यात कुलकर्णी आणि जोशी, एका आद्याक्षरात पाच वेगळी माणसं सहज निघतात. ऑर्किड क्रमांक, म्हणजे लेखकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, असेल तर ठीक, नाहीतर हाताने एकेक पेपर उघडून खात्री करायची तयारी असेल तरच हा तक्ता द्या.

सायटेशनकडे येऊ. २०१० चा पेपर आणि २०२३ चा पेपर यांची एकूण सायटेशन शेजारी ठेवणं म्हणजे दहावीतल्या मुलाची उंची बालवाडीतल्या मुलाशी मोजणं. ठरावीक खिडकी घ्या, प्रकाशनानंतरच्या पाच वर्षांत मिळालेली सायटेशन, आणि ज्यांना पाच वर्षं झालेली नाहीत त्यांना त्या तुलनेतून वगळा. सरासरी देऊ नका, मिडियन द्या, कारण थोडे पेपर सगळी सायटेशन ओढून नेतात आणि बऱ्याच पेपरांना एखाददुसरं मिळतं. एच-इंडेक्स, म्हणजे ज्याचे एच पेपर प्रत्येकी निदान एच वेळा साइट झालेत तो आकडा, हिर्श यांनी २००५ मध्ये काढला तो एका माणसाच्या कारकिर्दीसाठी, तो देशांना आणि आजारांना लावून क्रमवारी करायची पद्धत पडलीय पण जो जुना आणि मोठा तोच त्यात वर येणार, नवीन कळत काहीच नाही.

पेपरचा प्रकार वेगळा काढल्याशिवाय सायटेशनवर बोलूच नये. आपल्या विषयात गाइडलाइन आणि स्टेटमेंट यांना अफाट सायटेशन मिळतात, स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी, कशी करायची यावरचा एटीएस-ईआरएस या अमेरिकी-युरोपीय श्वसनतज्ज्ञ संघटनांचा २००५ चा दस्तऐवज घ्या, ज्याने ज्याने फुंकर मारून घेतली तो त्याला साइट करतो. गोल्ड या तज्ज्ञगटाच्या सीओपीडी अहवालाचा २०१७ चा सारांश एकापेक्षा जास्त जर्नलांत एकाच वेळी छापला गेला, त्यामुळे एकाच मजकुराची सायटेशन विभागली जातात, असं काही आढळलं तर एकत्र करा आणि तसं लिहा. आणि श्वसनरोगांचं सगळ्यात गाजलेलं संशोधन श्वसनरोगांच्या जर्नलांत असतंच असं नाही, एआरडीएसमध्ये, म्हणजे फुप्फुसं अचानक निकामी होतात त्या गंभीर आजारात, सहा मिली प्रति किलो व्हेंटिलेशनची ट्रायल २००० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली, त्याच आजाराची बर्लिन डेफिनिशन २०१२ मध्ये जामा या जर्नलमध्ये. म्हणून जर्नलच्या कॅटेगरीवरून डेटा उचलाल तर असे पेपर बाहेर राहतात, विषयावरून उचला.

इम्पॅक्ट फॅक्टरच्या ट्रेंडवर फार लोक फसतात म्हणून जरा थांबते. एखाद्या वर्षाचा इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे त्याच्या आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या मजकुराला त्या वर्षी मिळालेली सायटेशन, भागिले त्या दोन वर्षांतले मोजण्याजोगे लेख. आता लॅन्सेट रेस्पिरेटरी मेडिसिन बघा, २०१३ मध्ये सुरू झालेलं जर्नल. २०२० चा आकडा ३०.७, २०२१ चा १०२.६, २०२२ चा ७६.२ आणि २०२३ चा ३८.७. काय झालं? २०२० मध्ये छापलेले कोविडचे पेपर २०२१ च्या आणि २०२२ च्या खिडकीत होते, २०२३ ची खिडकी २०२१ आणि २०२२ ची, त्यात ते नाहीत, आकडा उतरला. जर्नलचा दर्जा तिपटीने वाढला आणि मग ढासळला असं काही झालेलं नाही. त्या २०२० च्या अंकात बीजिंगमधल्या एकाच मृत रुग्णाच्या बायोप्सीचं वर्णन आहे, दोन-तीन पानांचं, त्याला हजारो सायटेशन मिळाली कारण त्या क्षणी जगाकडे दुसरं काही नव्हतं आणि डॉक्टरांना ते हवंच होतं. सायटेशन म्हणजे त्या वेळची गरज, ती गरज खरी असते, पण दर्जाचं माप म्हणून ते वापरू नये, हे २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात, म्हणजे डोरात, जर्नलांच्या इम्पॅक्ट फॅक्टरबद्दल स्पष्ट लिहिलंय, वाचण्यासारखं आहे.

आता माझं सगळ्यात आवडतं साधन, आयसाइट. पबमेडमधून पीएमआयडींची, म्हणजे पेपरांच्या पबमेड क्रमांकांची, यादी काढून तिथे चिकटवायची, बाकी तेच करतं. ते प्रत्येक पेपरला आरसीआर नावाचा आकडा देतं, म्हणजे त्याच उपविषयातल्या पेपरांच्या तुलनेत या पेपरला दरवर्षी किती सायटेशन मिळतात. एक म्हणजे एनआयएचच्या पैशावर झालेल्या मधल्या पेपराइतकी, दोन म्हणजे दुप्पट. सिलिकोसिससारख्या छोट्या विषयाला हे फार न्याय देणारं आहे कारण कॅन्सरच्या पेपराशी त्याची तुलना होत नाही. पण खरी गंमत ट्रान्सलेशन नावाच्या टॅबमध्ये आहे. तिथे एक त्रिकोण दिसतो, एका टोकाला माणूस, दुसऱ्याला प्राणी, तिसऱ्याला पेशी आणि रेणू, आणि प्रत्येक पेपर मेश शब्दांवरून त्यात कुठेतरी बसतो. वर्षांच्या गटाने यादी टाका, १९९० ते १९९९, २००० ते २००९ असं, आणि ढग कुठल्या टोकाकडे सरकतोय ते बघा.

सिलिकोसिसला हे करून बघणं का महत्त्वाचं ते सांगते. हा विषय वाढतोय त्याला दोन वेगळी इंजिनं आहेत. एक, किचनच्या ओट्यासाठी जो कृत्रिम दगड वापरतात तो कापताना उडणारी धूळ, त्यातून इस्रायल, स्पेन, ऑस्ट्रेलियातले तरुण कामगार आजारी पडले आणि त्यावर लिहिणं वाढलं, ऑस्ट्रेलियाने तर १ जुलै २०२४ पासून त्या दगडावर बंदीच घातली. दुसरं, उंदरांना सिलिका देऊन फायब्रोसिस करायचा आणि त्यात कुठला रेणू अडवला तर काय होतं ते बघायचं, असे प्रयोगशाळेतले पेपर, यातले पुष्कळ चीनमधून येतात. एकूण आकड्यात हे दोन्ही एकत्र मिसळून सिलिकोसिस रिसर्च वाढतोय एवढंच दिसतं. सायटेशनच्या यादीतही तेच, सिलिकाचे कण इन्फ्लमासोम, म्हणजे पेशीतली दाह सुरू करणारी यंत्रणा, कसा चालू करतात यावरचा २००८ चा नेचर इम्युनॉलॉजीचा पेपर यादीत फार वर येणार, उत्तम पेपर आहे, पण त्याला साइट करणाऱ्यांत इम्युनॉलॉजीवाले भरपूर. खंभातच्या अकीकवाल्यावरचा पेपर खूप खाली, आणि तो खाली आहे याचा अर्थ तो कमी कामाचा असा मुळीच नाही, त्या कारागिराची धूळ कोणी मोजली तर त्याच पेपरने मोजलीय. म्हणून मी म्हणते की माणसांवरचे पेपर वेगळे काढा आणि त्यांचा ट्रेंड, त्यांची सायटेशन, त्यांचे देश हे वेगळ्या तक्त्यात द्या. मग भारतातल्या मजुरांवर किती लिहिलं गेलंय ते स्वच्छ दिसतं, तेच लोकांपुढे यायला हवं.

कुठले शब्द एकत्र येतात याचे नकाशे काढायचे तर व्हॉसव्ह्यूअर, नेदरलँड्समधल्या लायडनच्या दोघांनी केलेलं, फुकट आहे. आर ही प्रोग्रॅमिंग भाषा येत असेल तर बिब्लिओमेट्रिक्स पॅकेज आणि त्याचं बिब्लिओशायनी, त्यात कोड न लिहिताही काम होतं. कीवर्डचा नकाशा काढण्याआधी थिसॉरस फाइल करा, साधी टेक्स्ट फाइल असते, डावीकडे जो शब्द नको तो, उजवीकडे जो हवा तो. सिलिकोसिस आणि सिलिकोसेस, टीबी आणि ट्युबरक्युलोसिस, फायब्रोसिस आणि पल्मनरी फायब्रोसिस, हे एकत्र केले नाहीत तर एकाच गोष्टीचे तीन ठिपके होतात. ह्यूमन, मेल, फीमेल, अ‍ॅडल्ट असले शब्द काढून टाका, ते सगळ्या पेपरांना असतात आणि मधोमध मोठे गोळे होऊन बसतात. वर्षाप्रमाणे रंग देणारा ओव्हरले नकाशा जास्त उपयोगी, कुठला शब्द नवा ते पटकन कळतं. एक नकाशा पुरे, रंगीत पाच नकाशे टाकून पेपर भरू नका.

माघार घेतलेले पेपर बाजूला काढा. मागे घेतलेल्या पेपरांची यादी ठेवणारा रिट्रॅक्शन वॉचचा डेटाबेस २०२३ पासून क्रॉसरेफ या संस्थेकडे आहे आणि सगळ्यांना खुला आहे, पीएमआयडी किंवा डीओआय जुळवून बघता येतं. कोविडच्या काळातले सर्जिस्फिअर या कंपनीच्या संशयास्पद डेटावरचे पेपर जून २०२० मध्ये मागे घेतले तरी त्यांना सायटेशन मिळत राहिली, अशा गोष्टी तुमच्या टॉप टेनमध्ये येऊ नयेत.

बडोद्यातलं जुनं काम शोधणाऱ्यांसाठी एक सांगायचं राहिलं. सगळं पबमेडमध्ये नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून इथे लायब्ररीची चळवळ उभी केली, त्या परंपरेतली शिस्त अजून आहे, मांडवीची सेंट्रल लायब्ररी आणि युनिव्हर्सिटीची हंसा मेहता लायब्ररी या दोन्ही ठिकाणी जाऊन ग्रंथपालांशी बोला, जुने अंक, थिसिस काय आहेत ते त्यांना माहीत असतं. पीएचडीचे प्रबंध शोधगंगा या वेबसाइटवर मिळतात. हे मोजणीत मिसळू नका, चर्चेत वेगळा परिच्छेद करून लिहा.

लिहिताना सर्चची ओळ जशीच्या तशी, तारखेसकट, परिशिष्टात द्या, सीएसव्ही आणि थिसॉरस फाइल झेनोडो या खुल्या वेबसाइटवर टाका म्हणजे कोणालाही परत करून बघता येईल. २०२३ मध्ये बायोमेडिकल बिब्लिओमेट्रिकसाठी बिब्लिओ नावाची चेकलिस्ट आलीय, ती भरून जोडा. पेशंट नसले तरी कॉलेजच्या एथिक्स कमिटीकडून सूट असल्याचं पत्र सुरुवातीलाच घेऊन ठेवा, जर्नल मागतात आणि नंतर मागायला गेलं की महिने जातात. आणि पाठवण्याआधी जर्नलचे मागच्या दोन वर्षांचे अंक चाळून बघा की ते बिब्लिओमेट्रिक छापतात का, काही ठिकाणी असे पेपर एवढे येतात की संपादक ते थेट परत करतात, त्यांना आधी चार ओळींची मेल टाका, त्यात विषय, छेद कुठला घेतला आणि त्यामुळे कुठला आकडा उलटला एवढंच लिहा.